फुकटची प्रॉक्सी घेण्याआधी ब्राउझरची घडी बसवा

सातबारा काढायचा, महावितरणचे बिल भरायचे, दहावीचा निकाल बघायचा, दिवा-रोहा मेमूची वेळ तपासायची, हमरापूरच्या गणपती कारखान्यासाठी स्प्रे-गन मागवायची, धाटाव एमआयडीसीत कुठे भरती निघाली का ते शोधायचे... पेण आणि रोहा तालुक्यांतली अशी पन्नास कामे आता ब्राउझरवर होतात. काम उरकते, पण त्याचा माग मागे राहतो. स्प्रे-गन एकदा शोधली की पुढे कित्येक दिवस बातमी वाचताना, पंचांग बघताना, मुलांच्या अभ्यासाचे पान उघडताना स्प्रे-गनच समोर येते. एखाद्या आजाराबद्दल चौकशी केली की विम्याच्या आणि औषधांच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. आपल्यावर कोणाची तरी नजर आहे हे माणसाच्या लक्षात येते आणि तो उपाय विचारू लागतो.

उपाय सांगणारेही तयारच असतात. ‘फ्री प्रॉक्सी टाक, कोणाला काही दिसत नाही.’ ‘हे व्हीपीएन एक्स्टेन्शन घे, एका बटणाचे काम आहे.’ जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ ॲपवर केंद्र सरकारने बंदी घातली, तेव्हापासून तर बंदीला वळसा घालण्याचे साधन म्हणून व्हीपीएन हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी बसला. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. माझे म्हणणे सरळ आहे : खासगीपणा वाढवायचा तर मध्ये बसलेली माणसे कमी करायची असतात, आणि फुकटची अनोळखी प्रॉक्सी मध्ये आणखी एक माणूस आणून बसवते. म्हणून आधी ब्राउझरची घडी बसवा, मग एखाद-दुसरे खात्रीचे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे साधन, घ्या आणि प्रॉक्सीचा विचार सर्वांत शेवटी, गरज असेल तरच करा. हे सगळे पैसे न मोजता होते. क्रमाने बघू.

आधी कोण काय बघते ते समजून घ्या

‘कोणीतरी बघते’ असे मोघम म्हटले की उपायही मोघम होतो. बघणारे पाच प्रकारचे असतात आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे.

पहिले, तुम्ही उघडलेले संकेतस्थळ. तुम्ही तिथे काय वाचले, काय भरले, हे त्याला कळणारच. लॉगिन केले असेल तर नावासकट कळते. दुसरे, त्या पानावर बसवलेले जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर. बातमीच्या एका पानामागे असे अनेक ट्रॅकर असू शकतात आणि तेच तुम्हाला एका साइटवरून दुसऱ्या साइटवर ओळखतात. स्प्रे-गनची जाहिरात पाठीशी लागते ती यांच्यामुळे. तिसरे, तुमचा इंटरनेट पुरवठादार : मोबाइल कंपनी, बीएसएनएल किंवा गावातला केबलवाला. चौथे, वाय-फायचा मालक : स्टेशन, हॉटेल, लॉज, कॉलेज किंवा कंपनी. पाचवे, तुमच्यानंतर त्याच मोबाइलवर किंवा संगणकावर बसणारा माणूस.

पुरवठादार आणि वाय-फायवाला यांना आता पूर्वीइतके दिसत नाही. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असेल, तर तुम्ही कोणत्या साइटवर गेलात एवढे त्यांना कळू शकते, पण आत काय वाचले आणि कोणता पासवर्ड टाकला हे कळत नाही. प्रॉक्सी बदलते ती फक्त याच दोन जागांवरची परिस्थिती. शिवाय साइटला दिसणारा तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक, बदलतो. ट्रॅकरची कुकी (त्याने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण), लॉगिन केलेले गूगल खाते, मागे राहिलेली हिस्टरी यांपैकी कशालाही ती हात लावत नाही. तुम्ही प्रॉक्सी लावून गूगलमध्ये लॉगिन केलेत, तर गूगलला तुम्ही कोण ते पूर्वीइतकेच स्वच्छ दिसते.

आयपी पत्त्याची भीतीही थोडी तपासून घ्यावी. मोबाइल डेटा चालू ठेवून ‘व्हॉट इज माय आयपी’ असे शोधा. गावाचे नाव पेण किंवा रोहा न येता बऱ्याचदा मुंबई येते, कारण मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना मिळून एकच पत्ता वापरतात. घराचा नेमका ठावठिकाणा साइटला मिळतो तो बहुधा तुम्ही ‘लोकेशन’ला दिलेल्या परवानगीतून. ती परवानगी तुमच्या हातात आहे.

प्रॉक्सीच्या खिडकीत काय दिसते

प्रॉक्सी म्हणजे मधला संगणक. तुमची मागणी तो घेतो, स्वतःच्या नावाने साइटकडे पाठवतो आणि उत्तर तुम्हाला आणून देतो. फुकटात मिळणारे तीन प्रकार ओळखून ठेवा.

पहिला प्रकार प्रॉक्सीच्या याद्यांचा. टेलिग्रामवर आणि इतरत्र आयपी पत्ता व पोर्ट यांची लांबलचक यादी मिळते, त्यातला एक ब्राउझरच्या सेटिंगमध्ये घालायचा. हे संगणक कोणाचे, ते का उघडे ठेवले आहेत, हे यादी देणाऱ्यालाही ठाऊक नसते. काही निष्काळजीपणे उघडे राहिलेले असतात, काही कोणी तरी ताब्यात घेतलेले असतात, काही मुद्दाम गळ टाकल्यासारखे ठेवलेले असतात.

दुसरा प्रकार वेब प्रॉक्सीचा. एक पान उघडते, त्यातल्या चौकटीत पत्ता लिहायचा आणि तिथल्या तिथे साइट दिसते. हा सर्वांत धोक्याचा. इथे तुमचे एचटीटीपीएस त्या प्रॉक्सीपाशीच संपते. पान आधी ती वाचते, मग तुम्हाला दाखवते. तुम्ही टाकलेला पासवर्ड तिच्या मालकाला उघडा दिसू शकतो. ब्राउझरमधले कुलूप बंद दिसत असले, तरी ते कुलूप तुमच्या आणि प्रॉक्सीच्या मधले असते. तुमच्या आणि बँकेच्या मधले ते नव्हे.

तिसरा प्रकार ब्राउझर एक्स्टेन्शनचा. नावात ‘व्हीपीएन’ असले तरी ही बहुधा ब्राउझरपुरती प्रॉक्सी असते. मोबाइलमधली किंवा संगणकातली बाकीची ॲप तिच्यातून जात नाहीत. ती लावूनही ‘वेबआरटीसी’ या व्हिडिओ कॉलसाठीच्या सोयीतून तुमचा खरा पत्ता कधी कधी बाहेर पडतो.

आणखी एक गोष्ट तिन्ही प्रकारांना लागू आहे. कोणतीही प्रॉक्सी ‘आमचे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ म्हणाली, तर तिथेच थांबा. ते इन्स्टॉल केले की तुमचे सगळे एचटीटीपीएस तिला उघडून वाचता येते.

फुकट देणाऱ्याचे पोट कशावर चालते?

सर्व्हर चालवायला पैसे लागतात. वापरणारा देत नसेल तर दुसरे कोणी तरी देते. याची उदाहरणे जगजाहीर आहेत.

‘होला’ हे फुकटचे व्हीपीएन एक्स्टेन्शन कोट्यवधी लोकांनी घेतले होते. २०१५ मध्ये उघड झाले की त्याच्या फुकट ग्राहकांचीच इंटरनेट जोडणी ‘लुमिनाटी’ या नावाने पैसे घेऊन इतरांना वापरायला दिली जात होती. परक्याने काही गैर केले, तर पत्ता तुमच्या घरचा निघणार. ‘ओनाव्हो’ हे फेसबुकच्या मालकीचे व्हीपीएन ‘तुमचा डेटा सुरक्षित’ असे सांगत लोकांच्या मोबाइलमध्ये आले आणि लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवत राहिले. ॲपलने २०१८ मध्ये त्याला ॲप स्टोअरमधून बाहेर काढायला लावले. अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, ‘फ्री व्हीपीएन डॉट वन’ या क्रोम एक्स्टेन्शनची गोष्ट सुरक्षा संशोधकांनी बाहेर काढली. एक लाखाहून अधिक लोकांनी ते घेतलेले होते. तुम्ही पान उघडले की क्षणभरात ते त्या पानाचा फोटो काढून आपल्या सर्व्हरला पाठवत होते. बँकेचे पान असो, डॉक्टरांचा रिपोर्ट असो की घरच्यांचे फोटो, त्याला सगळे सारखेच.

पेणकरांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली, तेव्हा प्रत्येक घराने एकच प्रश्न विचारला होता : आत काय चालले आहे हे कोणी तपासत होते का? बँकेवर निदान रिझर्व्ह बँक असते, सहकार खाते असते, मोर्चा नेता येतो. अनोळखी प्रॉक्सीवाल्याचे ऑफिस कोणत्या देशात आहे हेही तुम्हाला माहीत नसते. तुमच्या मोबाइल कंपनीला भारतातला कायदा लागू आहे, तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. तिच्या नजरेपासून पळून ज्याचा ठावठिकाणा नाही अशाच्या हाती सगळी ये-जा सोपवणे हा सौदा तोट्याचा आहे.

ब्राउझरची घडी : सात कामे

आता प्रत्यक्ष कामाला लागू. ही सात कामे अर्ध्या तासात होतात आणि बहुतेक सगळा फायदा यांतूनच मिळतो.

१. ब्राउझर अद्ययावत करा. मोबाइलवर प्ले स्टोअरमधून, संगणकावर ‘अबाउट’ या पर्यायातून. जुन्या आवृत्तीतली भगदाडे चोरांना पाठ असतात.

२. थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांनी ठेवलेल्या कुकी, बंद करा. क्रोममध्ये तीन टिंबांवर जा, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड-पार्टी कुकीज आणि तिथे ‘ब्लॉक’ निवडा. गूगल या कुकी स्वतःहून काढून टाकणार होते. तो बेत त्यांनी सोडला. त्यामुळे हे बटण आपणच दाबायचे आहे. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली आहे, तिथे वेगळे काही करावे लागत नाही. एखादी साइट अडली, तर तिच्यापुरती सूट देता येते.

३. सुरक्षित जोडणीची सक्ती करा. क्रोममध्ये ‘ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स’, फायरफॉक्समध्ये ‘एचटीटीपीएस-ओन्ली मोड’. पूर्वी यासाठी ‘एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर’ नावाचे एक्स्टेन्शन लागे. ब्राउझरमध्येच ही सोय आल्यावर ते निवृत्त झाले. जुन्या लेखात त्याची शिफारस दिसली तर सोडून द्या.

४. नोटिफिकेशनची यादी साफ करा. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी काय होते ते आठवा. खरी साइट गर्दीने अडकते, मुले मिळेल ती लिंक उघडतात आणि ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे पान येते. अलाऊ दाबले की त्या साइटला तुमच्या मोबाइलवर हवे तेव्हा संदेश टाकण्याची परवानगी मिळते. मग ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’, ‘बक्षीस लागले’ असले संदेश रात्रंदिवस येत राहतात आणि लोक मोबाइल बिघडला समजून दुकानात नेतात. दुरुस्ती सोपी आहे : सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीच्या नसतील त्या सगळ्या काढा. रोबो नसल्याचा पुरावा नोटिफिकेशनच्या अलाऊने कधीच द्यावा लागत नाही, हे मुलांना समजावून सांगा.

५. लोकेशन, कॅमेरा, माइक यांच्या परवानग्या बघा. त्याच साइट सेटिंग्जमध्ये त्या असतात. नकाशा सोडला तर लोकेशन फारशा साइटना लागत नाही.

६. सुरक्षित डीएनएस लावा. साइटचे नाव टाकल्यावर तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ही विचारपूस साधारणपणे उघड्यावर होते. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढच्या मोबाइलमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असते. तिथे क्वाड९ या ना-नफा संस्थेचा पत्ता, डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट, इंग्रजी लहान अक्षरांत आणि आकडा ९ इंग्रजी अंकात लिहून जतन करा. माहितीतल्या फसव्या साइट ती परस्पर अडवते, हा जोडफायदा. स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वाय-फायचे लॉगिन पान उघडले नाही, तर हे सेटिंग तेवढ्यापुरते बंद करून पुन्हा चालू करा. याने पुरवठादारापासून सगळे झाकले जात नाही, पण बराच फरक पडतो.

७. जाहिरातीची ओळख पुसा. अँड्रॉइड १२ पासून सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ॲड्स, मग ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’. ॲपमधल्या जाहिराती तुम्हाला ज्या क्रमांकाने ओळखतात, तो यामुळे पुसला जातो.

‘इन्कॉग्निटो’बद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. तो फक्त पाचव्या बघणाऱ्यासाठी, म्हणजे त्याच मोबाइलवर नंतर बसणाऱ्यासाठी आहे. साइट, पुरवठादार, वाय-फायवाला यांना सगळे पूर्वीसारखेच दिसते. इन्कॉग्निटोमधली माहितीही गोळा केली, म्हणून गूगलवर अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत त्यांनी अब्जावधी नोंदी नष्ट करायचे कबूल केले.

एक्स्टेन्शन : मोजकी आणि तपासून

एक्स्टेन्शन घेताना एक छोटी चौकट येते. ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशा अर्थाचे वाक्य त्यात असते. आपण ते न वाचता पुढे जातो. हे वाक्य शब्दशः खरे आहे. अशी परवानगी मिळालेले एक्स्टेन्शन तुमच्या बँकेच्या पानावरची शिल्लक वाचू शकते, मेल वाचू शकते, भरलेल्या फॉर्ममधला मजकूर बदलू शकते. जाहिराती अडवणाऱ्याला ही परवानगी लागते, कारण पानातून जाहिरात काढायची तर पान वाचावे लागते. पण हवामान सांगणाऱ्याला, वॉलपेपर बदलणाऱ्याला ती कशाला हवी?

नाव चांगले म्हणून भरवसा ठेवू नका. ‘वेब ऑफ ट्रस्ट’ हे एक्स्टेन्शन कोणती साइट विश्वासू हे सांगण्यासाठीच होते. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एनडीआर या वाहिनीने दाखवले की वापरणाऱ्यांच्या भेटींची नोंद ते विकत होते आणि त्या नोंदींतून खऱ्या माणसांची ओळख पटत होती. जुने आणि चांगले होते म्हणूनही गाफील राहू नका. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे वर्षानुवर्षे नावाजलेले एक्स्टेन्शन २०२० मध्ये मालकाने विकले. नव्या मालकाच्या हातात त्यात घातक कोड आला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते बंद करावे लागले. वापरणाऱ्यांनी काहीच बदलले नव्हते. बदल आपोआप आलेल्या अपडेटमधून झाला.

मग घ्यावे काय? माझ्या मते दोनच पुरेत, आणि त्यातलेही दुसरे ऐच्छिक.

फायरफॉक्स वापरत असाल तर ‘यूब्लॉक ओरिजिन’. रेमंड हिल यांनी बनवलेले हे एक्स्टेन्शन मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे, देणगीही ते मागत नाही. ट्रॅकर आणि जाहिराती दोन्ही अडवते, त्यामुळे पाने लवकर उघडतात आणि डेटाही वाचतो. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे तिथे हे पूर्ण रूपात चालत नाही, त्याऐवजी ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ घ्यावे. नाव अक्षर-अक्षर जुळवा. मिळत्याजुळत्या नावाची नक्कल घेऊ नका. दुसरे ‘प्रायव्हसी बॅजर’, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकेतल्या जुन्या ना-नफा संस्थेचे. याच संस्थेचे ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ हे पान उघडले तर तुमचा ब्राउझर इतरांतून किती सहज ओळखू येतो, ते चाचणी घेऊन सांगते. घडी बसवण्याआधी आणि नंतर ही चाचणी करून बघा, फरक डोळ्यांना दिसेल.

आपल्याकडे बहुतेकांचा संगणक म्हणजे मोबाइलच, आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत. त्यावर उपाय दोन. अँड्रॉइडसाठीचे फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन बसते. नाही तर ब्रेव्ह ब्राउझर घ्या, त्यात ट्रॅकर अडवण्याची सोय आतच असते.

मला सर्वांत जास्त उपयोगी वाटते ती वेगळीच सवय : दोन ब्राउझर ठेवा. एक फक्त बँक, डिजीलॉकर, आधार, आयकर यांसाठी. त्यात एकही एक्स्टेन्शन नाही, इकडेतिकडे भटकणे नाही. दुसरा बाकी सगळ्यासाठी. बँकेचा पत्ता हाताने टाका आणि शेवट नीट बघा. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर यायला सांगितले होते. त्यामुळे खरा पत्ता ओळखणे आता सोपे झाले आहे.

मग प्रॉक्सी किंवा व्हीपीएन कधी?

गरजेचे प्रसंग आहेत. लॉजच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर बराच वेळ काम करायचे आहे आणि मालकावर भरवसा नाही. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांना एखादी चौकशी कोणाच्या नोंदीत न येता करायची आहे. घरच्या छळाला कंटाळलेल्या बाईला मदतीचा पत्ता शोधायचा आहे. अशा वेळी याद्यांतली प्रॉक्सी न घेता ज्याचे नाव, गाव आणि उत्पन्नाचा मार्ग उघड आहे, असे साधन घ्या.

मोफतमध्ये प्रोटॉन व्हीपीएनची फुकट योजना मला बरी वाटते. कंपनी स्वित्झर्लंडची आहे, डेटाची मर्यादा नाही, जाहिराती नाहीत, आणि खर्च पैसे भरणाऱ्या ग्राहकांतून निघतो. वेग कमी मिळतो, देश निवडता येत नाही, हे गृहीत धरा. पूर्ण अनामिक राहणे गरजेचे असेल, तर टॉर ब्राउझर आहे. त्यात तुमची मागणी तीन वेगवेगळ्या संगणकांतून फिरत जाते आणि त्यांतल्या कोणाही एकाला तुम्ही कोण आणि कुठे निघालात, हे दोन्ही कळत नाही. तो मोफत आहे, मोबाइलवरही चालतो, पण हळू आहे. मात्र त्रास देणारा माणूस मोबाइल हाताळत असेल, तर कोणतेही व्हीपीएन उपयोगाचे नाही. अशा वेळी विश्वासातल्या मैत्रिणीचा फोन वापरावा.

बँक, यूपीआय आणि सरकारी कामे यांसाठी प्रॉक्सी, व्हीपीएन आणि टॉर तिन्ही बंद ठेवा. परदेशी पत्त्यावरून आलेली मागणी पाहून अनेक भारतीय साइट दार लावून घेतात किंवा खाते संशयित ठरवतात.

कायद्याचेही सांगतो. महाराष्ट्रात व्हीपीएन वापरणे गुन्हा नाही, पण त्याच्या आडून केलेला गुन्हा गुन्हाच राहतो. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवायला सांगितले. त्यानंतर एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन अशा कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. धाटावच्या किंवा कोणत्याही कंपनीत काम करणाऱ्यांनी कंपनीच्या संगणकावर प्रॉक्सी लावून तिथले निर्बंध चुकवू नयेत. तो संगणक कंपनीचा आहे, नियमभंग नोकरीवर बेतू शकतो, आणि अनोळखी प्रॉक्सीमुळे सगळ्या कारखान्याचे जाळे उघडे पडू शकते. खासगी काम आपल्या मोबाइलवर, आपल्या डेटावर करा.

सायबर कॅफे, सेवा केंद्र आणि कारखान्याचा संगणक

आपल्या भागात माहिती बऱ्याचदा बाहेर पडते ती पाचव्या बघणाऱ्याकडे, म्हणजे आपल्यानंतर त्याच संगणकावर बसणाऱ्याकडे, आणि त्यावर कोणतेही एक्स्टेन्शन चालत नाही. तिथे शिस्तच लागते.

दाखल्यासाठी किंवा परीक्षेच्या अर्जासाठी सेवा केंद्रात गेलात की आधारची पीडीएफ उतरवली जाते, छापली जाते आणि ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. आधी किती जणांची पडली आहे, ते त्याच पडद्यावर दिसते. तिचा पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल असा ठरलेला आहे. गावातल्या माणसाला तो ओळखायला कितीसा वेळ लागणार? म्हणून उठण्यापूर्वी चालकाला नम्रपणे सांगा : ‘माझी फाइल डिलीट करा आणि रिसायकल बिनमधूनही काढा.’ समोर उभे राहून करून घ्या. चालेल तिथे ‘मास्क्ड आधार’ वापरा, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. ओळखपत्रे केंद्राच्या व्हॉट्सॲपवर पाठवलीत, तर काम झाल्यावर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून घ्या, आणि तिथल्या संगणकावर उतरवलेली प्रतही काढायला सांगा. ब्राउझरने ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ विचारले, तर ‘नेव्हर’ म्हणा.

गणपती कारखानदारांसाठी वेगळी सूचना. हंगामात ऑर्डर घेण्यासाठी एकाच संगणकावर व्हॉट्सॲप वेब, दुकानाचे इन्स्टाग्राम आणि मेल उघडे असतात. हंगामापुरती आलेली मुलेही तिथे बसतात. मुंबई-पुण्याच्याच नव्हे, तर परदेशातल्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर त्यात असतात. गणपती रवाना झाले, कामगार गावी गेले, की व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा आणि ओळख नसलेले प्रत्येक यंत्र लॉग आउट करा. इन्स्टाग्राम आणि गूगल खात्यातही अशीच यादी असते. पासवर्ड बदला आणि दुहेरी पडताळणी चालू करा. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला पत्ता सांभाळणे हा धंद्याच्या सचोटीचाच भाग आहे.

काही चुकलेच तर

एखादी प्रॉक्सी किंवा एक्स्टेन्शन वापरून झाले आहे आणि आता शंका येते आहे? घाबरू नका, पण वेळ दवडू नका. आधी ते एक्स्टेन्शन काढा आणि संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता शिल्लक असेल तर तोही काढा. मग दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदला : आधी मेलचा, नंतर बँकेचा, नंतर बाकीचे. मेल हातचा गेला तर बाकी सगळे त्यातून जाते, म्हणून हा क्रम. त्यानंतर सगळीकडून लॉग आउट करा. पैसे गेले असतील तर तत्काळ बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात, त्यामुळे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. मेसेज, व्यवहार क्रमांक, पानांचे फोटो जपून ठेवा, पुढे पोलिसांत तक्रार देताना ते लागतात.

खासगीपणा हा काही लपवाछपवी करणाऱ्यांचा हट्ट नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने तो मूलभूत हक्क मानला. कोणत्या आजाराची चौकशी केली, किती कर्ज शोधले, मुलीसाठी कोणते स्थळ पाहिले, हे परक्याला कळू नये असे वाटणे रास्त आहे, आणि त्यासाठी कोणापुढे खुलासा करायची गरज नाही.

तेव्हा आजच ब्राउझर उघडा आणि एक्स्टेन्शनची यादी बघा. कोणी, कधी, कशासाठी टाकले हे सांगता येत नाही ते काढून टाका. काढण्याची सुरुवात फुकटच्या अनोळखी व्हीपीएनपासून करा. मग वरची सात कामे एकेक करत जा. आपली झाली की आई-वडिलांचा मोबाइल हातात घ्या आणि त्यांना शेजारी बसवून, समजावून सांगत त्यांचीही करून द्या.